प्राथमिक शिक्षकाचे गणित : पंतोजींच्या औटकीपासून अध्यापक विद्यालयापर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राथमिक शाळेत गणित शिकविणाऱ्याला स्वतःला कोणते गणित आले पाहिजे, हा प्रश्न वरवर पाहता इतका साधा आहे, की त्याचा स्वतंत्र विचार करण्याचे कारण आपल्याकडे क्वचितच मानले गेले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि अपूर्णांक एवढाच तो विषय. तो कोणाही शिकलेल्या प्रौढास येतो. तेव्हा भावी शिक्षकाला शिकवावयाची ती फक्त शिकविण्याची रीत, अशी समजूत दीर्घकाळ चालत आलेली आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीचा इतिहास पाहावयाचा आहे. मराठी मुलखात शिक्षक तयार करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत गणिती कल्पनांचा अर्थ शिक्षकाला कळावा याची तजवीज कितपत होती, आणि ती राहून गेल्यामुळे कोणाचे नुकसान झाले, हा आपल्यापुढील मुद्दा होय.

अशा विवेचनात एखादे ठिकाण डोळ्यांसमोर असलेले बरे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील निमोणे हे गाव आपण त्यासाठी घेऊ. घोड आणि भीमा या दोन नद्यांमधला हा टापू आहे. चिंचणीचे घोड धरण याच परिसरात असून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. निमोण्याच्या शाळेचा वृत्तान्त सांगणे हा येथे हेतू नाही. परंतु अशा गावातील शेतकऱ्याचे मूल पहिल्या इयत्तेत येताना घरून काही गणित घेऊन येते; शिक्षक अध्यापक विद्यालयातून दुसरे काही गणित घेऊन येतो. या दोहोंची गाठ पडते की नाही, यावरच प्राथमिक गणिताचे यशापयश अवलंबून असते. पुढील इतिहास या कसोटीवर वाचावयाचा आहे.

२. पंतोजींचे गणित

पेशवाईच्या अखेरीस आणि कंपनी सरकारच्या आरंभी गावोगाव ज्या शाळा चालत, त्यांची माहिती १८२० ते १८३० या दशकातील सरकारी चौकशीच्या कागदांतून मिळते. हे कागद रामचंद्र विठ्ठल परुळेकर यांनी संपादून अभ्यासकांपुढे ठेवले. मुंबई कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये असे नमूद केले होते, की आपल्या मुलखात शाळा नाही असे गाव विरळाच, आणि स्वतःचा हिशेब बऱ्यापैकी ठेवता येत नाही असा शेतकरी वा दुकानदारही विरळाच. या विधानात अतिशयोक्ती आहे हे उघड आहे. अस्पृश्य मानलेल्या जातींना या शाळांचे दार बंद होते, मुलींना ते जवळजवळ बंदच होते, आणि प्रत्यक्ष कुणब्याच्या मुलांपैकी तेथे कितीजण बसत याविषयी त्या चौकशीतून फारसे आशादायक चित्र उभे राहत नाही. तथापि ज्यांना त्या शाळेत बसावयास मिळे त्यांना हिशेब उत्तम येई, यात मात्र शंका घेण्याचे कारण नाही.

या शाळांतील गणित मुख्यतः मुखपाठाचे होते. धुळपाटीवर अंक गिरविल्यानंतर तीसपर्यंतचे पाढे येत. त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करावे लागत. औट म्हणजे साडेतीन. संध्याकाळच्या परवच्यात हे पाढे म्हणून घेतले जात. या पाढ्यांना केवळ घोकंपट्टी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण त्यांची रचना ज्या व्यवहारासाठी झाली होती तो नीट पाहिला पाहिजे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पायलीच्या दोन अधोल्या, अशी सर्व मापे निम्म्या आणि पाव हिश्शांनी उतरत जाणारी होती. लेखनातही तीच पद्धत होती : अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन रेघा म्हणजे पाऊण. मणास अडीच रुपये दर असेल तर औट मणांचे किती, याचे उत्तर पावणेनऊ रुपये, हे औटकी येणारा मुलगा कागदावाचून सांगू शके. ज्या समाजाची मापे चौथाईची होती, त्याचे पाढेही चौथाईचे होते. येथपर्यंत शाळा आणि बाजार यांच्यात तुटकपणा नव्हता.

उणीव होती ती दुसऱ्या ठिकाणी. पाढा का जुळतो, हे विचारण्याची पद्धत नव्हती. पंतोजीला जसे मिळाले तसे तो देई, आणि शिक्षक होण्यासाठी त्याला वेगळे काही शिकावे लागत नसे. बापामागून मुलगा वा गुरूमागून शिष्य ती जागा घेई. एखाद्या नव्या मापाशी किंवा अनोळखी व्यवहाराशी गाठ पडली की ही विद्या अडे, कारण तिचे बळ ठरीव उदाहरणांच्या संग्रहात होते. या विद्येत अर्थ होता, परंतु तो व्यवहारात साठलेला होता. शिकविणाऱ्याच्या विवेचनात तो उतरलेला नव्हता. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

३. छापील पुस्तक आणि पहिले प्रशिक्षित शिक्षक

शिक्षकाला शिक्षक म्हणून तयार करण्याचा मराठी मुलखातील पहिला संघटित प्रयत्न मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने केला. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी अभियंते होते. १८२३ मध्ये मुंबईत उघडलेल्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनचे तेच प्रमुख होते. तेथील विद्यार्थ्यांसाठी हटन आदी इंग्रज गणित्यांच्या ग्रंथांच्या आधारे त्यांनी शास्त्र्यांच्या साहाय्याने मराठीत गणिताची पुस्तके तयार केली. अंकगणितापासून भूमितीपर्यंतचे विषय मराठी गद्यात मांडण्याचा हा उद्योग आधुनिक मराठी शास्त्रीय परिभाषेच्या प्रारंभीच्या टप्प्यातील होय. १८२६ मध्ये या मंडळीने तयार केलेले चोवीस शिक्षक मराठी आणि गुजराती जिल्ह्यांत शाळा चालविण्यासाठी रवाना झाले.

या चोवीस जणांजवळ दोन नव्या गोष्टी होत्या. पहिली छापील पुस्तक, दुसरी लँकेस्टरच्या नावाने ओळखली जाणारी वर्गव्यवस्था, जीत वरच्या वर्गातील मुलाने खालच्यांस शिकवावयाचे असे. या दुसऱ्या पद्धतीचे एक मूळ मद्रासेकडील गावठी शाळांत होते. अँड्र्यू बेल या पाद्र्याने ती तेथे पाहून विलायतेत नेली, आणि ती सुधारणा म्हणून पुन्हा आपल्याकडे आली. ही गोष्ट मौजेची खरी. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात एक इशाराही आहे. ज्या व्यवस्थेत आज शिकलेले मूल उद्या दुसऱ्यास शिकवू शकते, त्या व्यवस्थेत शिकविणाऱ्याचे ज्ञान शिकणाऱ्याच्या ज्ञानाहून फक्त एका धड्याने अधिक असले तरी चालते, असे गृहीत धरलेले असते. शिक्षकाच्या गणितज्ञानाविषयीची बेफिकिरी अशा रीतीने सुधारणेच्या पोटातूनच आली.

याला त्या काळात अपवाद नव्हते असे नाही. एल्फिन्स्टन संस्थेत १८४५ मध्ये अध्यापकवर्ग सुरू झाला, तेव्हा त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. शून्यलब्धीवर, म्हणजे आज ज्यास आपण कलनशास्त्र म्हणतो त्यावर, मराठीत लिहिणारा हा पंडित खेड्यातील शाळांसाठी शिक्षक घडविण्याच्या कामास लागला, ही योजना आजही विचार करावयास लावणारी आहे. उच्च गणित जाणणाऱ्याने प्राथमिक शिक्षकाला शिकवावे हा तिचा आशय होता. दुर्दैवाने १८४६ च्या मे महिन्यात बाळशास्त्र्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते, तर जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट आदी एतद्देशीय सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. या वादाचा परिणाम प्राथमिक शिक्षकावर दूरगामी झाला. उच्च गणित हळूहळू इंग्रजीच्या घरी गेले व मराठी शाळेच्या शिक्षकाकडे व्यवहारी हिशेब उरला. एकाच विषयाच्या दोन बिऱ्हाडांमध्ये भिंत उभी राहिली.

४. करड्याचे रोखे आणि पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज

ही भिंत केवळ विद्वानांच्या चिंतेची बाब होती असे समजण्याचे कारण नाही. तिची झळ कोठे लागत होती हे शिरूर तालुक्यातच दिसून आले. निमोणे ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील करडे या गावी डिसेंबर १८७४ मध्ये सावकाराविरुद्ध बहिष्कार सुरू झाला. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात त्याचा भडका उडाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. इतिहासात या घटनेस दख्खनचे दंगे म्हणतात. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून घेणे आणि ते जाळणे हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट होते. या उद्रेकाची कारणे अनेक होती : नव्या आकारणीतील सारावाढ, अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव आणि दिवाणी न्यायालयांची कार्यपद्धती. परंतु ज्या कागदावर आपले घर आणि जमीन अवलंबून आहे, त्यावरील व्याजाची आकडेमोड शेतकऱ्याला स्वतः तपासता येत नव्हती, ही गोष्ट त्या साऱ्या कारणांच्या तळाशी होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सावकाराने ऋणकोला हिशेब व पावती द्यावी असे बंधन घातले. तो हिशेब वाचावा कसा, हे शिकविणे मात्र कायद्याच्या हाती नव्हते. ते शाळेच्या हाती होते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात हा धागा स्पष्ट दिसतो. प्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असे त्यांनी सुचविले. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्य तर ते शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे त्यांना प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरता येईल, अशी त्यांची मागणी होती. ही मागणी सामाजिक न्यायाची आहेच. पण ती ज्ञानविषयकही आहे. ज्याने वाफा मोजला आहे त्याला क्षेत्रफळ म्हणजे काय हे वेगळ्या प्रकारे ठाऊक असते. मुलाने घरून आणलेले गणित ओळखू शकेल असा शिक्षक हवा, असा या सूचनेचा गणितापुरता अर्थ काढता येतो.

याच काळात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून एक असाधारण माणूस घडला होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोलीजवळच्या मुरुडचे. १८७० मध्ये ते या विद्यालयात आले व तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून मराठी शाळांचे मुख्याध्यापक झाले. रेवदंडा, ठाणे, बार्शी अशा गावी शिकवीत त्यांनी ज्योतिषाचा व्यासंग केला. पुढे धुळे येथे व अखेरीस पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते स्वतः अध्यापकांचे अध्यापक झाले. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ भारतीय गणित-ज्योतिषाच्या इतिहासातील प्रमाणग्रंथ होय. विद्यापीठाची पदवी नसलेला आणि आयुष्यभर प्राथमिक शिक्षणाच्या क्षेत्रात राहिलेला हा पंडित म्हणजे आपल्या मूळ समजुतीचे जिवंत खंडन आहे. प्राथमिक शिक्षकाला अंकगणितापलीकडचे गणित झेपत नाही वा त्याचे त्याला प्रयोजन नाही, असे दीक्षितांचे चरित्र वाचून कोणी म्हणू शकणार नाही.

तथापि एका दीक्षितांवरून संपूर्ण व्यवस्थेचे मूल्यमापन करणे योग्य नव्हे. मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, परीक्षा उतरलेले तरुण पुढील अनेक दशके शिक्षकाच्या जागी येत राहिले, आणि त्यांतील बहुसंख्यांची पहिली नेमणूक प्रशिक्षणावाचूनच होई. ट्रेनिंग कॉलेजात जे येत त्यांनाही गणित हा परीक्षेचा विषय म्हणून असे. अवघड उदाहरणे बिनचूक सोडविता येणे हा त्यातील नैपुण्याचा मापदंड होता. त्रैराशिक, पंचराशिक, काळ-काम-वेग यांत ही पिढी तरबेज झाली, आणि तिची अचूकता आजही हेवा करण्यासारखी आहे. परंतु त्रैराशिक कोणत्या वेळी लागू पडते आणि कोणत्या वेळी पडत नाही, हे मुलाला पटवून देणे निराळे आणि उत्तर काढणे निराळे. मापदंड उत्तराचा होता, त्यामुळे पटवून देण्याची कला ज्याच्या त्याच्या प्रतिभेवर राहिली.

५. गणिताचा प्राध्यापक आणि खेड्यातील शाळा

विसाव्या शतकात या भिंतीला दार पाडण्याचे काही प्रयत्न झाले. धोंडो केशव कर्वे यांचे बालपण दीक्षितांच्याच मुरुडात गेले. १८७५ मध्ये मराठी परीक्षेस बसण्यासाठी ते मुरुडहून साताऱ्यास पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. हेच कर्वे पुढे १८९१ ते १९१४ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षिका तयार करणाऱ्या अध्यापिकाशाळेची भर पडली, आणि १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेथे लोकल बोर्डाची शाळा नाही अशा खेड्यांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले. साताऱ्यास भाऊराव पाटील यांनी १९३५ मध्ये ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. फुल्यांनी मागितलेला शेतकरी वर्गातील शिक्षक येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला.

१९३७ च्या वर्धा योजनेने तर विषय आणि उद्योग यांची सांगड घालण्याचे तत्त्वच मांडले. गणितासाठी तिने टकळी आणि चरखा हाती घेतला. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. सुताचे वजन आणि लांबी यांवरून त्याचा अंक. गुणोत्तराची कल्पना शिकविण्यास याहून चांगले साधन शोधूनही सापडणार नाही, कारण येथे बारीक सुताचा अंक मोठा येतो आणि जाड्या सुताचा लहान; हा उलट संबंध मुलाच्या बोटांना आधी कळतो, डोक्याला मागून. परंतु हे साधन वापरण्यासाठी शिक्षकाला गुणोत्तर आणि व्यस्त प्रमाण यांचा गाभा कळलेला असावा लागतो. ज्याला तो कळला होता त्याच्या वर्गात टकळी हे गणिताचे उपकरण झाले. ज्याला कळला नव्हता त्याच्या वर्गात ती सूतकताईच राहिली. मूलोद्योग शिक्षणाच्या मर्यादित यशाची आर्थिक व सामाजिक कारणे पुष्कळ सांगितली गेली आहेत. हे एक कारण त्यांत मिळविले पाहिजे.

६. १९५७ : मापे बदलली

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्यानुसार पुढील काही वर्षांत किलोग्रॅम, मीटर आणि लिटर क्रमाक्रमाने व्यवहारात आले. प्राथमिक गणिताच्या दृष्टीने ही घटना एखाद्या अभ्यासक्रमाच्या बदलाहून कितीतरी मोठी होती. चौथाईच्या जगासाठी रचलेले पाढे एकदम पोरके झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, हे गणित प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक शाळेत करावे लागले. संक्रमणाच्या त्या काळात सवायकी पाठ असलेला मास्तर इतरांहून लवकर सावरला असेल. पण पुढच्या पिढीस ती शिकविण्याचे त्याला कारण उरले नाही. पावकी-औटकी पाठ्यक्रमातून हलके हलके नाहीशी झाली.

त्यांच्या जागी जे आले ते अधिक सोपे होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. व्यवहारापुरते ते खरे आहे. कल्पनेच्या दृष्टीने मात्र दशांश अपूर्णांक हा पाव आणि अर्ध्याहून अवघड आहे. भाकरीचा चतकोर मुलाने पाहिलेला असतो. दहावा भाग त्याने पाहिलेला नसतो. दशांश चिन्हाचा अर्थ कळण्यासाठी स्थानमूल्याची कल्पना एककाच्या उजवीकडे वाढवावी लागते, आणि ज्याला डावीकडचे स्थानमूल्यच केवळ ‘एकं, दहं, शतं’ या उच्चारापुरते माहीत आहे त्याला ही वाढ जमत नाही. जुन्या पद्धतीत अर्थ व्यवहारातून आपोआप मिळत होता. नव्या पद्धतीत तो शिक्षकाने द्यावयाचा होता. शिक्षकाच्या स्वतःच्या समजुतीची गरज १९५७ नंतर कमी झाली नाही, ती वाढली. प्रशिक्षणात मात्र या वाढीची दखल कोष्टके बदलण्यापलीकडे फारशी घेतली गेली नाही.

७. पुढील वाटचाल

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, अस्तित्वात आले. अध्यापक विद्यालयाच्या प्रवेशासाठी सातवीऐवजी प्रथम शालान्त परीक्षा आणि नंतर बारावी ही पात्रता झाली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. शिक्षकाच्या औपचारिक शिक्षणाची वर्षे अशा रीतीने वाढत गेली. पण बारावीला कला शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याचा गणिताशी संबंध दहावीलाच सुटलेला असतो, आणि पदविकेच्या दोन वर्षांत जे गणित येते ते बहुतांशी अध्यापनपद्धतीच्या रूपाने येते.

वर्षे वाढविली म्हणजे समज वाढतेच असे नाही, याचा एक प्रसिद्ध पुरावा चीन व अमेरिका यांच्या तुलनेतून मिळतो. लिपिंग मा या विदुषीने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवून त्यावर एक व्यावहारिक प्रसंग रचावयास सांगितले होते. सर्व चिनी शिक्षकांना उत्तर आले, आणि त्यांतील दहांपैकी नऊ जणांना योग्य प्रसंगही रचता आला. अमेरिकी शिक्षकांतील निम्म्याहून अधिकांना उत्तरच पूर्णपणे बरोबर काढता आले नाही, आणि प्रसंग रचण्यात जवळजवळ सारे चुकले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की अमेरिकी शिक्षक पदवीधर होते. चिनी शिक्षक बहुधा नववीनंतर दोन-तीन वर्षांचे अध्यापनशिक्षण घेतलेले होते. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या आपल्या जुन्या मास्तराशी त्यांचे साम्य अधिक. फरक इतकाच, की त्या थोड्या वर्षांत आणि पुढे नोकरीत सहकाऱ्यांबरोबर ते प्राथमिक गणिताचाच गंभीरपणे अभ्यास करीत होते.

हेच उदाहरण निमोण्यात नेऊन पाहू. पावणेदोन पायली ज्वारी आहे. ती अधोलीने मोजली तर किती अधोल्या भरतील? पायली-अधोली वापरलेल्या कोणाही वृद्ध स्त्रीने याचे उत्तर साडेतीन असे तत्काळ दिले असते, आणि पंतोजींच्या विद्यार्थ्याने त्यालाच औट म्हटले असते. अध्यापक विद्यालयातून आलेला तरुण ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ असे सांगतो आणि साडेतीनच उत्तर काढतो. पण भागाकाराने उत्तर मोठे कसे आले, असे मुलाने विचारल्यास तो गोंधळतो. उत्तर एकच आहे. एकीकडे अर्थ आहे पण नियम नाही, दुसरीकडे नियम आहे पण अर्थ नाही. दोहोंची भेट घडविणे हे शिक्षकप्रशिक्षणाचे काम होते, आणि नेमके तेच दोन शतके बाजूला पडत आले.

२०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकावरून जो वाद झाला, त्यालाही ही पार्श्वभूमी आहे. संख्या ‘एकवीस’ अशी वाचण्याबरोबर ‘वीस एक’ अशी वाचण्याचा पर्याय त्या पुस्तकात दिला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली. जोडाक्षरयुक्त उच्चार मुलांना कठीण जातात, आणि मराठीत आधी एकक बोलून नंतर दशक बोलण्याची रीत लेखनाच्या क्रमाच्या उलट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद विधिमंडळापर्यंत गाजला आणि मराठी भाषेच्या अस्मितेभोवती फिरत राहिला. त्यात एक महत्त्वाचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला : मराठी संख्यानामांची घडण शिक्षकाला माहीत असते काय? एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या नावांत ‘एक ऊन’, म्हणजे एकाने कमी, हा अर्थ आहे. मूल बोलताना तिसातून एक वजा करते आणि लिहिताना दोन दशक व नऊ एकक मांडते. शंभराच्या आत नवाने संपणारी सारी नावे अशी असताना नऊ आणि नव्याण्णव मात्र या नियमात बसत नाहीत. हे ज्याला कळले आहे, तो शिक्षक जुनी नावे ठेवूनही स्थानमूल्य शिकवील. ज्याला कळलेले नाही, त्याच्या हाती ‘वीस नऊ’ दिले तरी तो तेही घोकूनच घेईल.

हातच्याची गोष्ट अशीच आहे. सत्तेचाळीस आणि अडतीस यांच्या बेरजेत पंधराचे पाच मांडून एक हातचा घेतात, तेव्हा तो एक म्हणजे दहा असतो. बावन्नातून सत्तावीस वजा करताना शाळेत आज दशक सुटा करून घेतात. जुन्या पिढीच्या तोंडी असलेल्या रीतीत मात्र बारातून सात वजा करून हातचा एक खालच्या दोहोंत मिळवीत आणि पाचातून तीन वजा करीत. पहिल्या रीतीत संख्येची फेरमांडणी आहे. दुसरीत दोन्ही संख्यांत दहा मिळविल्याने अंतर बदलत नाही, हे तत्त्व आहे. आजोबांची रीत घेऊन शाळेत आलेल्या मुलाचे उत्तर बरोबर असूनही पद्धत चूक म्हणून खोडली जाते, तेव्हा चूक मुलाची नसते. त्या शिक्षकाला ज्याने तयार केले त्याने हे दोन्ही आधार त्याच्यापुढे कधी ठेवलेलेच नसतात.

८. निष्कर्ष

या इतिहासावरून तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. पंतोजींच्या शाळेत गणित व्यवहाराशी एकजीव होते, पण विवेचनास पारखे होते. शिवाय ते मोजक्यांच्या वाट्याला आले. नव्या प्रशिक्षणाने शाळेचे दार हळूहळू सर्वांस उघडले, परंतु प्राथमिक गणित हे शिक्षकाला येतेच असे धरून चालण्याची चूक केली. आणि ज्या ज्या वेळी गणिताचा जाणकार या कामाकडे वळला, मग ते जांभेकर असोत, दीक्षित, कर्वे वा नारळीकर, त्या त्या वेळी या चुकीची दुरुस्ती शक्य असल्याचे दिसले. मात्र ती व्यक्तीबरोबर आली आणि बहुधा व्यक्तीबरोबरच गेली. तिला संस्थेचे रूप आले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावी असे म्हटले आहे. विद्यापीठांच्या विभागांवर याची थेट जबाबदारी येते. चार वर्षांत उच्च गणिताचे काही विषय आणि अध्यापनपद्धतीचे काही विषय शेजारी शेजारी ठेवले, तर १८४७ नंतरची ती भिंत एकाच इमारतीत पुन्हा उभी राहील. संख्यानामे, स्थानमूल्य, हातचा, अपूर्णांकाचा भागाकार, एकक आणि क्षेत्रफळ हेच विषय पदवीच्या पातळीवरील चिंतनाचे विषय म्हणून शिकविले गेले पाहिजेत. त्यांत गणिताच्या प्राध्यापकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

निमोण्यासारख्या गावात आजही जमिनीचे बोलणे गुंठ्यांत होते. तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद तो एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते. एक गुंठा एका आराहून किंचित मोठा आहे. हा किंचित फरक किती, आणि चार एकरांच्या वाटणीत तो केवढा होतो, हे पाचवीतल्या मुलाला काढता आले पाहिजे. करड्याचे रोखे ज्यांना वाचता आले नाहीत त्यांच्या वंशजांना सातबारा वाचता यावा, ही अपेक्षा दीडशे वर्षांनंतर मोठी म्हणता येणार नाही. ती पुरी करणारा शिक्षक आपल्या विभागांच्या वर्गांतूनच जावयाचा आहे.